गोव्यात, पण कॅनडात : संगणकाला व्याकरण लिहून देऊन अनेक भाषांत मजकूर तयार करण्याबद्दल

कानामात्रा

कॅनडात सरकारी हवामान अंदाज इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत द्यावा लागतो. मजकूर साचेबंद, पण रोजचा आणि ढीगभर. "उत्तरेकडून वारे, दुपारनंतर हिमवर्षाव" हे वर्षभर फ्रेंचमध्ये उतरवत बसायचा अनुवादकांना इतका वीट यायचा की माणसं त्या कामावर टिकत नसत. शेवटी १९७७ साली हे काम मॉन्ट्रियल विद्यापीठात तयार झालेल्या 'मेटिओ' या प्रणालीकडे सोपवलं गेलं आणि थेट २००१ पर्यंत तिनं ते केलं. तिच्या पोटातली 'क्यू-सिस्टीम' आलँ कोलमेरोएर यांनी मॉन्ट्रियलमध्ये असताना रचली होती. हेच गृहस्थ पुढे फ्रान्सला परतून 'प्रोलॉग' या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे जनक झाले.

मेटिओ भाषांतर करायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथेच 'फॉग' नावाची प्रणाली आली आणि तिनं भाषांतराची पायरीच काढून टाकली. हवामानाचे आकडे घ्यायचे आणि त्यांतून इंग्रजीही लिहायचं, फ्रेंचही लिहायचं. दोन्हींपैकी कुठलीच भाषा मूळ नाही आणि कुठलीच अनुवाद नाही. आपल्याकडे सरकारी मराठी वाचताना जो इंग्रजीचा वास येतो, तो अशा रचनेत यायला जागाच उरत नाही, निदान तत्त्वतः.

याच वाटेवरचं आजचं सर्वांत परिपक्व साधन म्हणजे 'ग्रॅमॅटिकल फ्रेमवर्क', पुढे नुसतं जीएफ. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या झेरॉक्स संशोधन केंद्रात, बहुभाषिक दस्तऐवज लिहिण्याच्या एका प्रकल्पातून ते निघालं. कर्ते आर्ने रांता, मूळचे फिनलंडचे. पुढचा सगळा संसार स्वीडनमध्ये गोथेनबर्गला.

जीएफमध्ये व्याकरणाचे दोन थर असतात. वरच्या, अमूर्त थरात कुठल्याही भाषेचे शब्द नसतातच. असतात ते फक्त अर्थाचे प्रकार आणि ते जोडायच्या रीती. खालच्या, मूर्त थरात प्रत्येक भाषेनं ती रीत आपल्यापुरती कशी पाळायची ते लिहितात. शिकवताना जीएफवाले खाण्यापिण्याचं एक छोटं व्याकरण वापरतात. त्याचा थोडा भाग मी देवनागरीत मांडतो (नावं माझी):

विधान : वस्तू → गुण → वाक्य
जवळचा_एक : जिन्नस → वस्तू
जवळचे_अनेक : जिन्नस → वस्तू
खूप : गुण → गुण
मासा, वाइन, चीज, पिझ्झा : जिन्नस
ताजा, महाग, इटालियन, कंटाळवाणा : गुण

आता 'विधान (जवळचा_एक वाइन) (खूप ताजा)' हे झाड घ्या (अमूर्त थरातल्या अशा जोडणीला झाड म्हणतात). इंग्रजीत शब्द ओळीनं मांडले की झालं. मराठीत "ही वाइन खूप ताजी आहे", पण "हा मासा खूप ताजा आहे", "हे चीज खूप ताजे आहे" आणि "हे मासे खूप ताजे आहेत". 'महाग' आणि 'इटालियन' मात्र ढिम्म हलत नाहीत. म्हणजे मराठीच्या मूर्त व्याकरणात 'गुण' ही नुसती अक्षरांची ओळ नसून सहा खणांचा तक्ता आहे : ताजा, ताजे, ताजी, ताज्या, ताजे, ताजी. 'जिन्नस' आपलं लिंग सोबत घेऊन येतो आणि 'विधान' त्या तक्त्यातला बरोबर खण उचलतं. फिनिशमध्ये हेच तक्ते विभक्तींमुळे कितीतरी लांब होतात. वरचं झाड मात्र सगळ्यांना तेच. उलटही चालतं : मराठी वाक्य दिलं की त्याचं झाड मिळतं आणि त्या झाडातून इतर भाषांतली वाक्यं.

मी हौसेनं हवामान अंदाजाचं एक छोटं मराठी व्याकरण लिहायला घेतलं आहे. आत माहिती अशी जाते : उद्या, कोकण, तुरळक, अतिमुसळधार. बाहेर येतं : "उद्या कोकणात तुरळक ठिकाणी अतिमुसळधार पावसाची शक्यता आहे." कोकणच्या जागी मराठवाडा घातला की मराठवाड्यात, विदर्भ घातला की विदर्भात. इथवर गाडी सुरळीत होती. मग गावं घ्यायला लागलो.

मुंबई, सांगली, दापोली यांचा काही त्रास नाही. पुणे, ठाणे, धुळे यांचा एक साचा : पुण्यात, ठाण्यात, धुळ्यात. कोल्हापूर, नागपूर, सोलापूर यांतला 'पू' ऱ्हस्व होतो : कोल्हापुरात, नागपुरात, सोलापुरात. नियम लिहून भागतं. आता आकारान्त नावं बघा. सातारा साताऱ्यात, अकोला अकोल्यात, गोवा गोव्यात, बडोदा बडोद्यात, पाटणा पाटण्यात, ढाका ढाक्यात. पण कॅनडा कॅनडात. 'कॅनड्यात' कोणी म्हणत नाही. घाना घानात, क्यूबा क्यूबात. आणि मथुरा, श्रीलंका, अमेरिका, आफ्रिका या मथुरेत, श्रीलंकेत, अमेरिकेत, आफ्रिकेत. शेवटचा 'आ' बघून या तिघांतला कुठला साचा लावायचा ते यंत्राला कळायचं कसं?

जीएफची यावरची तोड मला आवडली. तिला 'स्मार्ट पॅराडाइम' म्हणतात. शब्दाचं एक रूप दिलं की व्याकरण बाकीच्या रूपांचा अंदाज बांधतं. अंदाज फसणार असेल तिथे आणखी एक रूप हातानं द्यायचं. 'सातारा' नुसता दिला तरी चालतो, 'मथुरा' देताना स्त्रीलिंगी आहे एवढं सांगायचं, 'कॅनडा'ला सामान्यरूपही कॅनडाच असं बजावायचं. म्हणजे अपवादांची वही लिहायची ती फक्त अपवादांपुरती.

तर मदत हवी आहे. तुमच्या भागातली अडनिडी गावं आणि तुमच्या तोंडात त्यांना लागणारा 'त' इथे लिहा. बाकी चर्चाही चालेलच.

लिंबाचा पाला

वाचनखूण साठवली आहे. सविस्तर नंतर.

पडवी

लेख आवडला, पण एक बाळबोध शंका. आज कुठल्याही भाषा-मॉडेलला "हे आकडे घे आणि मराठीत अंदाज लिही" म्हटलं की झकास परिच्छेद मिळतो. साताऱ्यातही बरोबर येतं आणि कॅनडातही. मग गावोगावच्या सामान्यरूपांच्या वह्या भरायचा खटाटोप कशाला? घरात इंडक्शन असताना चुलीपुढे फुंकणी घेऊन बसल्यासारखं वाटतं.

कानामात्रा

@पडवी, शंका रास्त आहे आणि ती कोणीतरी विचारणारच होतं.

हवामान खात्याच्या लेखी २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार. 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'बहुतांश ठिकाणी' यांनाही ठरलेला अर्थ आहे. मॉडेलला एखाद्या दिवशी भाषा खुलवावीशी वाटली आणि त्यानं 'धुवाधार' लिहिलं, तर वाचायला छान, पण मासेमारीला जायचं की नाही हे ठरवणाऱ्यानं त्यातून काय घ्यायचं? 'शक्यता नाही' मधला 'नाही' गळला तर विचारायलाच नको. मॉडेल रोज चुकतं असं मी म्हणत नाही. ते कधी चुकेल ते आधी सांगता येत नाही आणि चुकलं तरी वाक्य तितकंच सफाईदार असतं, ही अडचण आहे.

व्याकरणात नकार हा झाडाचा एक फाटा असतो. तो झाडात असेल तर प्रत्येक भाषेतल्या वाक्यात उतरतो. व्याकरणही चुकतं, नाही असं नाही, पण जिथे चुकतं तिथे रोज आणि तसंच चुकतं. एक ओळ दुरुस्त केली की सगळी वाक्यं सुधारतात.

आता दुसरी बाजू. व्याकरणात जे लिहिलेलं नाही ते त्याला अजिबात येत नाही. तुमचा हा चुलीवरचा टोमणा त्याला सात जन्मांत जमणार नाही. ललित, पत्रं, गप्पा हे सगळं मॉडेलकडेच राहू दे. ज्या मजकुरात शब्द थोडे, वाक्यं ठरावीक, भाषा अनेक आणि चूक महागात पडणारी, तेवढ्यापुरतं माझं म्हणणं आहे. शिवाय वहीचा कच्चा खर्डा मॉडेलकडून काढून घ्यायला कोणाची ना आहे? तपासायला माणूस बसला म्हणजे झालं.

पडवी

अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्यासाठी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

गोथेनबर्गकर

आयडीवरून कळलंच असेल की मी कुठे राहतो. नोकरी हॅस्केल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आणि जीएफ हॅस्केलमध्येच लिहिलेलं, त्यामुळे या प्रकरणाशी जुनी ओळख आहे.

मूळ लेखात एक महत्त्वाची गोष्ट राहिली. हवामानाचं किंवा संग्रहालयातल्या चित्रांचं व्याकरण लिहिणाऱ्यानं प्रत्येक भाषेची सगळी रूपं स्वतः लिहायची म्हटली तर कोणीच या वाटेला जाणार नाही. म्हणून जीएफसोबत 'रिसोर्स ग्रामर लायब्ररी' आहे. नाम, विशेषण, क्रियापद कसं चालतं आणि वाक्य कसं जुळतं हे त्या त्या भाषेच्या जाणकारांनी तिच्यात एकदाच लिहून ठेवलं आहे. चाळीसच्या आसपास भाषा आहेत आणि सगळ्यांना वरून एकच मुखवटा. नवीन विषय घेणारा फक्त "हे नाम, हे विशेषण, यांचं विधान कर" म्हणतो. जर्मनमध्ये क्रियापद कुठे जाईल याची चिंता लायब्ररी वाहते. २०१० ते २०१३ या काळात युरोपीय संघाच्या पैशातून 'मोल्टो' नावाचा प्रकल्प झाला, त्यात संग्रहालयांतल्या चित्रांची वर्णनं पंधरा भाषांत तयार केली होती ती याच जोरावर.

आपल्या शेजारपाजारच्या भाषांपैकी हिंदी, उर्दू, पंजाबी, नेपाळी, सिंधी यांच्यावर या लायब्ररीत काम झालं आहे. त्यातला एक प्रयोग मला फार गमतीचा वाटतो. के. व्ही. एस. प्रसाद आणि शफकत विर्क यांनी उर्दूचं तयार व्याकरण घेतलं, लिपी आणि शब्दसंग्रह बदलला आणि त्यातून जवळजवळ यांत्रिकपणे हिंदीचं व्याकरण काढलं. मग इंग्रजी वाक्यं दोन्हींतून चालवली. निकाल असा की दोन्ही भाषा एक तर बरोबर यायच्या, नाहीतर व्याकरणाच्या नेमक्या एकाच ठिकाणी अडखळायच्या. हिंदी-उर्दूचं व्याकरण एक, शब्दभांडार वेगळं, हे वर्षानुवर्षं वादात बोललं जाणारं विधान २०१२ साली असं तपासून दाखवलं गेलं. वादविवादाच्या धाग्यांवर फेकायला उत्तम पुरावा.

पण कोणाला वाटेल की हिंदीवरून मराठीही अशीच चुटकीसरशी निघेल, तर नाही. लिंगं तीन, सामान्यरूपाचा पसारा कितीतरी मोठा आणि क्रियापदाच्या खोड्या वेगळ्याच.

भाषावेल्हाळ

@गोथेनबर्गकर, क्रियापदाच्या खोड्या म्हणालात म्हणून एक जवळून दाखवतो.

त्याने आंबा खाल्ला, त्याने कैरी खाल्ली, त्याने कैऱ्या खाल्ल्या. इथे क्रियापद कर्त्याकडे ढुंकूनही बघत नाही, कर्मामागे जातं. हिंदीतही तसंच. आता कर्ता बदला. मी कैरी खाल्ली. 'ने' गायब, तरी क्रियापद कैरीमागेच. आणि आता : तू आंबा खाल्लास, तू कैरी खाल्लीस, तुम्ही कैऱ्या खाल्ल्यात. 'खाल्ली' कैरीसाठी आणि शेवटचा 'स' तुझ्यासाठी. एकाच क्रियापदात कर्म आणि कर्ता दोघांचीही नोंद! हिंदीतल्या 'तूने खाई'मध्ये हा 'स' शोधून सापडायचा नाही. पुढे "आईने मुलीला मारले" बघा. कर्माला 'ला' लागला की क्रियापद त्याचीही साथ सोडतं आणि सरळ नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं.

मोरो केशव दामल्यांनी १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त हे प्रयोग इतके बारकाईनं लावले आहेत की संगणकाचं व्याकरण लिहिणाऱ्यानं तेच उघडून बसावं. शाळेत कर्तरी-कर्मणी-भावे पाठ केलेल्यांनी ते गुणांपुरतं केलं असेल, पण यंत्राला नेमकी तीच विभागणी लागते.

अवांतर : आता कोणीतरी "नासानं संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा ठरवली आहे" हे आणणार, म्हणून आधीच लिहून टाकतो. नासाशी संबंधित असलेले रिक ब्रिग्स यांचा १९८५ साली 'एआय मॅगझिन'मध्ये लेख आला होता, संस्कृत शाब्दबोधाची मांडणी आणि संगणकातलं ज्ञानाचं चित्रण यांतल्या साम्याबद्दल. एका माणसाचा एक लेख. नासानं ठराव केला नव्हता आणि संस्कृतात प्रोग्रॅमही लिहिले नव्हते. पाणिनीला अशा टेकूची गरज नाही. सुमारे चार हजार सूत्रं, नियमांचा क्रम, अनुवृत्ती (आधीच्या सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रांत आपोआप धरणं), अपवाद नियमावर कसा मात करतो याचीही सूत्रं. सरोजा भाटे आणि सुभाष काक यांनी १९९३ साली भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात पाणिनी आणि संगणकशास्त्र यांवर लिहिलं आहे, ते ज्याला खरंच रस आहे त्यानं शोधून वाचावं.

शेवंती

मराठीत या दिशेनं आधी काहीच झालं नाही का? की नेहमीप्रमाणे आपण उशिरा?

भाषावेल्हाळ

@शेवंती, उशिरा कसले, एक मोठं नाव तर पुण्याचंच आहे. अरविंद जोशी. जन्म १९२९, पुणे. पुणे विद्यापीठातून १९५० साली अभियांत्रिकीची पदवी, मग अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आयुष्यभर. १९७५ साली त्यांनी लेव्ही आणि ताकाहाशी यांच्यासह 'ट्री ॲडजॉइनिंग ग्रामर'चा पाया घातला. वाक्य शब्दाशब्दानं न बांधता छोट्या छोट्या झाडांचे तुकडे एकमेकांत खोचून बांधायचं, अशी कल्पना. माणसाच्या भाषेला नेमकं किती ताकदीचं व्याकरण लागतं, या प्रश्नाची चर्चा आज ज्या परिभाषेत होते ती त्यांची. २००५ साली त्यांना बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळालं. २०१७ च्या अखेरच्या दिवशी ते गेले. मराठी वर्तमानपत्रांतून त्यांचं नाव फारसं ऐकलेलं नसेल, याचं मला वाईट वाटतं.

त्यांच्याच व्याकरणपद्धतीवर पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेनं 'मंत्र' ही प्रणाली उभी केली, सरकारी कागदपत्रं इंग्रजीतून हिंदीत नेण्यासाठी. आणि मूळ धाग्याला जास्त जवळचं म्हणजे 'यूएनएल'. १९९६ साली टोकियोच्या संयुक्त राष्ट्र विद्यापीठानं काढलेली कल्पना : वाक्याचा अर्थ कुठल्याही भाषेत नसलेल्या जाळ्यात मांडायचा आणि त्या जाळ्यातून हव्या त्या भाषेत वाक्य काढायचं. आयआयटी मुंबईत पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटानं हिंदीसोबत मराठीसाठीही त्यावर काम केलं. जीएफशी फरक एवढाच की यूएनएलला सगळ्या जगाचा अर्थ एकाच जाळ्यात पकडायचा होता. जीएफवाले म्हणतात, एका वेळी एक छोटा विषय घ्या. मला दुसरं शहाणपणाचं वाटतं.

वऱ्हाडी ठेचा

नाव मागितलं म्हणून आमचं देतो. वर्धा. शहर असेल तर वर्ध्यात, वर्ध्याला. नदी असेल तर वर्धेत, वर्धेला पूर आला. शहर आकारान्त पुल्लिंगीसारखं चालते अन् नदी मथुरेसारखी. तुमच्या व्याकरणात 'वर्धा' एकदाच टाकला असेल तर पूर शहरात येईन!

म्हापसेकर

आमच्याकडचं : फोंडा फोंड्यात, पणजी पणजीत, वास्को वास्कोत, मडगाव मडगावात. आणि म्हापसा म्हापशात, 'म्हापस्यात' नव्हे. पैसा-पैशाला, ससा-सशाला हाच नियम आहे. पण तिबेटातलं ल्हासा मात्र ल्हासातच राहतं, 'ल्हाशात' होत नाही.

कानामात्रा

@वऱ्हाडी ठेचा, हे भारी आहे. अमूर्त थरात आता 'वर्धा_शहर' आणि 'वर्धा_नदी' अशा दोन वेगळ्या नोंदी केल्या. इंग्रजीच्या तक्त्यात दोघींपुढे एकच शब्द, मराठीत दोन निरनिराळे साचे. अर्थ वरच्या थरात ठेवल्याचा उपयोग असा होतो.

@म्हापसेकर, सा-शा चा नियम साच्यात घातला. ल्हासा कॅनडाच्या रांगेत. आतापर्यंत जमलेल्या नावांवरून माझा तर्क असा : जी आकारान्त नावं आपल्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या घोळली ती वळतात, जी नकाशातून आणि बातम्यांतून आली ती ताठ राहतात. ढाका वळतो, क्यूबा वळत नाही. यंत्राला देता येईल असा हा नियम नाही, त्यामुळे नोंद हातानंच.

शेवंती

मी छापील माध्यमात मजकूर तपासते, त्यामुळे जरा खडूस वाटेन. 'तयार केलेल्या' मजकुराची मला भीती वाटते ती चुकांची नाही. तो मजकूर वाचवत नाही. "महाबळेश्वर येथे १८० मिलिमीटर पावसाची नोंद करण्यात आली." व्याकरण शुद्ध, मराठी मेलेली. उद्या अशी वाक्यं हजारांनी पडायला लागली तर लोकांना हेच मराठी वाटायला लागेल.

कानामात्रा

@शेवंती, तुमच्या उदाहरणातला 'येथे' नेमका कुठून येतो ते या कामात मला लख्ख दिसलं. 'येथे' लावला की सामान्यरूपाची कटकटच संपते. पुणे येथे, वर्धा येथे, म्हापसा येथे, ल्हासा येथे. नाव जसंच्या तसं ठेवायचं आणि पुढे 'येथे' चिकटवायचं. 'मध्ये'चंही तेच, नाशिकमध्ये लिहिलं की 'नाशकात'च्या वाटेला जावं लागत नाही. 'करण्यात आली' हीसुद्धा तीच युक्ती : कर्ता कोण, त्याचं लिंग-वचन काय, काही ठरवावं लागत नाही. नमुन्यात रिकामी जागा ठेवून नाव भरणाऱ्या प्रत्येक प्रणालीला ही मराठी फार सोयीची पडते. बँकेचे संदेश आणि रेल्वेच्या घोषणा आठवून पाहा.

पण हा दोष पद्धतीचा नसून आळसाचा आहे. वहीत 'वर्ध्यात' असेल तर यंत्र 'वर्ध्यात' लिहील. रूपच दिलं नाही तर 'येथे' लिहिण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. आणि काही बाबतींत ते आपल्यापेक्षा काटेकोर ठरतं. 'जिल्ह्यात' एकवचन, 'जिल्ह्यांत' अनेकवचन. "पुणे, सातारा व सांगली जिल्ह्यांत" यातला अनुस्वार आजकाल छापील मजकुरातही हमखास गळालेला दिसतो. यंत्राच्या तक्त्यात ते दोन वेगळे खण आहेत, त्याच्याकडून तो गळू शकत नाही.

शेवंती

अनुस्वारावर बोट ठेवलंत, आता काय बोलणार. :) 'करण्यात आली' तुमच्या व्याकरणात नाहीच असं लिहून द्या, मग मी बाजू बदलते.

कानामात्रा

नाहीच. अमूर्त थरात 'नोंद' नावाचा प्रकारच ठेवलेला नाही. "महाबळेश्वरात १८० मिलिमीटर पाऊस झाला."

लिंबाचा पाला

सविस्तर प्रतिसाद देतो म्हटलं होतं. मला यात विकिपीडियाच्या बाजूनं रस आहे. विकिडेटाची, म्हणजे विकिपीडियाला माहिती पुरवणाऱ्या साठ्याची, सुरुवात करणाऱ्या डेनी व्रांडेचिच यांनी मांडलेला 'ॲबस्ट्रॅक्ट विकिपीडिया' हा प्रकल्प २०२० साली विकिमीडियानं हाती घेतला, तो याच विचाराचा मोठा अवतार आहे. लेखाचा आशय भाषानिरपेक्ष रूपात एकदा लिहायचा आणि प्रत्येक भाषेच्या समाजानं आपापली वाक्यं घडवणारी फलनं लिहायची. त्यासाठीची 'विकिफंक्शन्स' ही जागा २०२३ च्या डिसेंबरात खुली झाली. गावाची लोकसंख्या बदलली की सगळ्या भाषांतल्या लेखांत ती आपोआप बदलावी, हा उद्देश.

शेवंतीताईंची भीती मला मात्र वेगळ्या अंगानं खरी वाटते. स्वीडनच्या स्वेर्कर योहानसन यांच्या 'एल्‌एस्‌जेबॉट' या आपोआप लेख लिहिणाऱ्या प्रोग्रॅमनं फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेत इतके लेख पाडले की त्या विकिपीडियावर साठ लाखांहून जास्त लेख आहेत. बोलणाऱ्या समाजातून लिहिणारे मूठभर, आणि लेख जर्मन-फ्रेंच विकिपीडियांपेक्षा जास्त. बहुतेक लेख जगातले डोंगर, ओढे आणि कीटक यांवरचे. एक मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर उद्या महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाचा तीन ओळींचा लेख पडला तर मला चालेल, एका अटीवर : त्या तीन ओळी त्या गावच्या माणसाला परक्या वाटता कामा नयेत. जगातल्या प्रत्येक ओढ्याचा लेख मराठीत नकोच.

गोथेनबर्गकर

@लिंबाचा पाला, स्वीडिश विकिपीडियावरही त्याच बॉटचे ढिगानं लेख आहेत आणि इथेही त्यावरून भरपूर वाजलं होतं. तो नमुन्यात नाव भरण्याचाच प्रकार होता, जीएफसारखं व्याकरण नव्हे, हे नोंदवून ठेवतो.

@कानामात्रा, दोन तांत्रिक प्रश्न. एक, उपान्त्य दीर्घ 'ऊ' किंवा 'ई' ऱ्हस्व करायचा नियम सरसकट लावलाय का? आणि दोन, जोडनावांचं काय? "कोकण आणि गोव्यात" की "कोकणात आणि गोव्यात"?

कानामात्रा

पहिल्याचं उत्तर : सरसकट नाही लावता येत. गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला, पण शरीर-शरीराला, कारण ते तत्सम. म्हणजे मराठीचा अभ्यास नसलेल्या यंत्राला शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलाय की नाही, याचीही नोंद द्यावी लागते. शुद्धलेखनाच्या नियमांवर भांडणारे दोन्ही पक्ष इथे बोलवायला हवेत. गावांच्या नावांत सुदैवानं हा प्रश्न क्वचित येतो. कोल्हापूर, पंढरपूर, चिपळूण, सगळी मुकाट ऱ्हस्व होतात.

दुसऱ्याचं : दोन प्रदेश असतील तर "कोकणात आणि गोव्यात" असा प्रत्यय दोन्हींना लावतो. बोलताना आपण पहिला सोडतो, पण मग "पुणे आणि साताऱ्यात" की "पुण्यात आणि साताऱ्यात" यावर घरात दोन माणसांचंही एकमत होत नाही. नावं तीन किंवा जास्त झाली की शेवटी 'जिल्ह्यांत' जोडतो, म्हणजे नावं मूळ रूपात राहतात आणि वाक्यही वर्तमानपत्रासारखं वाटतं.

म्हापसेकर

आणखी एक. "कुठे राहता?" या प्रश्नाला आम्ही 'फोंड्याला' म्हणतो, पाऊस मात्र 'फोंड्यात' पडतो. हे धरलंय का?

वऱ्हाडी ठेचा

आमच्याकडे पाऊसही 'वर्ध्याला' पडते.

कानामात्रा

'ला' धरलेला नव्हता. सामान्यरूप तेच असल्यामुळे नवीन रूपं द्यावी लागणार नाहीत, फक्त स्थळाच्या तक्त्यात आणखी एक रकाना आणि कुठल्या क्रियापदासोबत कुठला रकाना हे ठरवणं. प्रदेशांना 'ला' बंद ("विदर्भाला पाऊस" होत नाही), गावांना दोन्ही खुले, अंदाजात मात्र डिफॉल्ट 'त'. वऱ्हाडीभाऊ, वर्ध्यापुरता 'ला' हवा असेल तर सांगा, एका ओळीचं काम आहे. आणि गुहागर, नगर, महाड या तिन्हींना 'त' लावायचा की 'मध्ये', यावर तिकडच्या लोकांची मतं अजून आलेली नाहीत.